इंजिनावरचा मासा

पिस्टन बसतो. सगळं भांडण तिथूनच सुरू होतं. ठोकावा लागत नाही, अडत नाही, तेल लावून दाबला की गपकन आत जातो. मग समोरचा माणूस माझ्याकडे असा बघतो, जशी काही त्याने हायकोर्टात केस जिंकलीय. "बघा बाई, बसला की नाही?" अहो, बसला. माझा पायही नवऱ्याच्या चपलेत बसतो, म्हणून ती घालून मी लग्नाला जाते का?

मी रजनी घरत, घणसोली गावातली. जुनी डिझेल इंजिनं उघडून, धुऊन, मोजून पुन्हा बांधायच्या कारखान्यात माझी सगळी नोकरी झाली. ट्रकची, बसची, क्रेनची, जनरेटरची, सगळी मोठी इंजिनं. दिवाळी अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, कामातल्या गमतीजमती लिहा. गमती आहेत, एकदोन सांगतेही. पण मुळात मला राग सांगायचाय. निवृत्त झाले तरी तो काही उतरलेला नाही, आणि माझी उतरवायची इच्छाही नाही.

आयटीआयला मशिनिस्टच्या वर्गात मी एकटी मुलगी होते. पुढे रबाळ्याच्या कारखान्यात लागले, तेव्हा सगळ्यांना वाटलं, ही ऑफिसात बिलं लिहील. शेठनेही तेच धरलं होतं. मी मायक्रोमीटर हातात घेतला तो सोडलाच नाही, आणि काही वर्षांत मला मोजमापाच्या टेबलावर बसवलं. म्हणजे बांधलेल्या इंजिनाचं झाकण लावण्याआधीची शेवटची नजर माझी. मी 'हो' म्हटल्याशिवाय नट आवळायचे नाहीत.

बाहेरच्या माणसाला वाटतं, इंजिन म्हणजे लोखंडाचे तुकडे; हा गेला, दुसरा घाला. तसं नसतं हो. काही भाग जोडीनेच जन्माला येतात. पिस्टनला खालून धरणारा कनेक्टिंग रॉड आणि त्याची टोपी घ्या. दोघांना एकत्र आवळून त्यांचं भोक कातलेलं असतं, म्हणून ह्याची टोपी त्याला चालत नाही. एकदा उरणकडचा एक क्रेनवाला इंजिनाला लिंबू-मिरची बांधून घेऊन आला, आणि सोबत गोणीत दोन इंजिनांचे रॉड नि टोप्या. खिचडी! म्हणाला, "सगळ्या सारख्याच दिसतात, तुम्ही लावा अंदाजाने." मी म्हटलं, "तुमची नि शेजाऱ्याची मुलंही सारखीच दिसतात, न्या अंदाजाने." तो असा काही भडकला! पण दुसऱ्या दिवशी डोकं शांत करून आला आणि माझ्या शेजारी बसून, नंबर बघत बघत जोड्या लावू लागला.

दुसरे एक नेरूळचे सोसायटीचे चेअरमन. त्यांचा जनरेटर धूर ओकत होता. मी सांगितलं, डिझेल फवारणारे नोझल खराब झालेत, इंजिन उघडावं लागेल. ते म्हणाले, "उघडू नका. फक्त पाईप लांब करून पलीकडच्या सोसायटीकडे वळवा." मी हसले होते तेव्हा. आता आठवलं की हसू येत नाही, कारण पुढे जे पाहिलं ते सगळं ह्याच अकलेचं होतं.

आता धुराचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. जुन्या इंजिनांचा धूर चालायचा. मग सरकारने नियम कडक केले, बीएस-थ्री, बीएस-फोर, बीएस-सिक्स. प्रत्येक पायरीला कंपनीने इंजिन आतून बदललं. पिस्टनच्या डोक्यावर एक वाटी असते, तिच्यात डिझेलचा फवारा पडतो आणि जळतो. बीएस-फोरला त्या वाटीचा आकार बदलला, नोझलच्या भोकांचा कोन बदलला, गाडीच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बदलला. शिवाय ईजीआर म्हणून एक झडप, जी जळलेला थोडा वायू पुन्हा इंजिनात फिरवते, म्हणजे न दिसणारा विषारी वायू कमी होतो. कंपनीला सरकारी प्रमाणपत्र मिळतं ते ह्या सगळ्या संचाला. हा पिस्टन, हा नोझल, ही झडप, हा प्रोग्रॅम. त्यातलं एक काढून दुसरं घातलंत की प्रमाणपत्र उरलं डोंबलाचं! पट्टी तेवढी इंजिनावर चिकटलेली राहते.

आणि रस्त्यावर तपासतात काय? पीयूसी. गाडी जागेवर उभी, पाईपमध्ये नळी, ॲक्सिलरेटर दाबा, आकडा बघा, कागद घ्या. गाडीत माणसं नाहीत, माल नाही, समोर चढ नाही. तिथे फक्त दिसणारा काळा धूर मोजतात. ईजीआर बंद केली तर काळा धूर उलट कमी होतो आणि गाडी झटक्यात पास होते. वाढतो तो दुसरा वायू, आणि तो तिथे कोणी बघतच नाही. हे आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

आमच्या कारखान्यात एक रीत होती. इंजिन चाचणीत पास झालं की तपासणाऱ्याने ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या धडावर, आपला पंच मारायचा. पोलादी पंच, हातोड्याचा एक ठोका, झालं. कोणाचा चांद, कोणाचं अक्षर. माझा मासा. आमच्या जुन्या टर्नरने तो मला घासून दिला होता. "खाडीवरची पोर तू, तुला मासाच शोभतो," म्हणाला होता. शेपटीकडे थोडा तिरका गेलाय, पण मला तसाच आवडतो. पुढे पुढे गिऱ्हाइकं विचारू लागली, "मासा आहे ना?" असेल तर डोळे मिटून इंजिन न्यायची. सगळ्यांचे पंच भिंतीवर खिळ्याला टांगलेले असायचे. कुलूपबिलूप काही नाही. दुसऱ्याच्या पंचाला हात लावायचा नाही, दुसऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवायचं नाही, इतकं ते साधं होतं.

तर एकदा बसचं बीएस-फोर इंजिन आलं. पाणी संपल्यावरही ड्रायव्हरने दामटलेलं, सगळे पिस्टन चिकटलेले. नवा पिस्टनसंच आला आणि मी खोका उघडला. व्यास तोच, रॉडला जोडणारी पिन तीच, उंची तीच. वाटी मात्र जुन्या बीएस-थ्रीची, खोल आणि अरुंद. म्हणजे नोझलचा फवारा वाटीत न पडता काठावर आपटणार, अर्धवट जळणार, डिझेल लायनरवरून, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरून, खाली तेलात उतरणार. मी खोक्यावर खडूने मोठी फुली मारली आणि शेठच्या केबिनमध्ये नेऊन आदळला.

शेठ म्हणाले, "घरतबाई, बसतो ना?"

"बसतो. जळत नाही."

"कंपनीचा असली माल यायला वेळ आहे. पार्टीला घाई आहे."

"मग पार्टीला थांबू दे. हा मी घालू देणार नाही."

"बरं बाबा, नका घेऊ टेन्शन," म्हणाले, आणि खोका टेबलाखाली सरकवला. दुसऱ्याच दिवशी माझ्या नवऱ्याचं ऑपरेशन होतं. मी रजेवर गेले. परत आले तेव्हा ते इंजिन गेलेलं होतं आणि त्या जागेवर दुसरं उभं होतं. शेठ म्हणाले, "असली संच मिळाला, लगेच बसवला." मला बरं वाटलं, खरंच बरं वाटलं. आज त्या बरं वाटण्याचाही राग येतो.

आता कुंदा. कुंदा माझी धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून आमच्याच आळीत, माझ्या भिंतीला भिंत लावून राहते. शाळेच्या बसमध्ये मुलांना चढवणारी-उतरवणारी मावशी असते ना, ती नोकरी तिने धरली होती. बस खांदेश्वरहून मुलं उचलून नेरूळच्या शाळेत नेणारी. कुंदा मागच्या सीटवर बसायची, मोठी मुलं मागे दंगा करतात म्हणून.

आमची आई मासळी विकायची. तिचं नाक कुंदाने उचललं होतं. टोपलीवरचं फडकं न काढता सांगायची, कोळंबी सकाळची की कालची. बाजारात बायका तिला हाताला धरून न्यायच्या, "ये गो कुंदे, वास बग."

त्या शाळेच्या सत्रात कुंदा रोज संध्याकाळी डोकं धरून यायची. "ताय, बसमदी धुराचा वास येतं गो. मागं बसवत नाय. पोरांना मलमलतं. एक बारकी तं रोज वकते."

मी म्हटलं, "ड्रायव्हरला सांग."

"त्याला सांगतला. त्यानं पीयूसी दाखवला."

"शाळेत सांग."

"शालंत बी सांगतला. त्यांनी बी पीयूसीच दाखवला. बोलतात, गाडीचं इंजिन आताच नवीन केलंय, तुला वहम हाय."

बाई गं! एक माणूस स्वतःच्या नाकाने सांगतोय, मुलं ओकतायत, आणि सगळे तिच्या तोंडासमोर कागद नाचवतायत. मी तिला म्हटलं, नोकरी सोड. ती म्हणाली, "मी सोडली तं त्या पोरांपाशी कोन बसंल?" रुमाल नाकाला बांधून जायला लागली. रुमाल धुतला की मोरीत काळं पाणी. पावसाळा संपता संपता तिची कुरकूर थांबली. मी समजले, गाडी दुरुस्त केली असेल. एकदा तर तिने इतके शिळे बोंबील आणले की मी जेवताना तिला बोलले, "डोळे मिटून बाजार करतेस काय गो?" तिने ते तसेच खाल्ले.

मग एका दुपारी बस आमच्या गावच्या नाक्यावरच बंद पडली. मुलं उतरून गेली होती, ड्रायव्हर कुंदाला घरी सोडायला आला होता. कुंदाने मला हाक मारली, "ताय, तुजं काम हाय, ये जरा." ड्रायव्हरने त्याच्या शेजारचं इंजिनावरचं झाकण उचललं होतं. मी वाकले. आधी दिसली ईजीआर. तिच्या पाईपमध्ये पत्र्याची चकती मारून तोंड बंद केलेलं. मी नंबर बघायला ब्लॉक पुसला, आणि नंबराशेजारी मासा.

माझा मासा, शेपटीकडे तिरका.

नंबर वाचला. ते तेच इंजिन होतं. मी ज्याच्या संचावर फुली मारली होती ते. मी ड्रायव्हरला एकेक विचारलं. त्या बापड्याला काय ठाऊक? म्हणाला, कारखान्यातून गाडी आली तेव्हा ओढच नव्हती, पुलावर चढेना. मग त्याने कळंबोलीच्या लॅपटॉपवाल्याकडून प्रोग्रॅममध्ये डिझेल वाढवून घेतलं. म्हणजे सगळा हिशोब लागला. चुकीच्या पिस्टनचा धूर झाकायला कारखान्याने ईजीआर बंद केली, डिझेल कमी केलं, पीयूसी घेतलं. गाडी ओढेना म्हणून ह्याने डिझेल वाढवलं. तो सगळा धूर मागच्या खिडकीतून आत. आणि मागच्या सीटवर कोण? माझी बहीण. वर माझीच सही!

मी तशीच, घरच्या साडीत, कारखान्यात गेले. शेठ चहा पीत होते. मी विचारलं, "मासा कोणी मारला?"

त्यांनी नाही म्हटलं असतं तर मला थोडं तरी बरं वाटलं असतं. तोंड वर करून म्हणाले, "मी मारला. गाडी पास झाली होती, कागद होता. तुम्ही रजेवर, आणि पार्टीला मासाच हवा होता. एवढं काय त्यात?"

"आणि असली संच?"

"बाई, बसला ना तो? चालतेय ना गाडी? आख्ख्या मार्केटमध्ये हेच चालतं. तुम्ही एकट्या काय हवा साफ करणार आहात?"

मी काय काय बोलले ते इथे छापता येणार नाही. आगरी बाईला राग आला की काय होतं ते त्या दिवशी रबाळ्याने ऐकलं. लेथवरची माणसं मशिनं बंद करून दारात उभी राहिली. मी खिळ्यावरचा माझा पंच काढला, पदराच्या गाठीत बांधला आणि घरी आले.

बसचे मालक इस्माईलभाई मुकादम, पनवेलकडचे. दोन पिढ्यांची गाड्यांची लाईन, सरळ माणूस. मी त्यांना फोन करून सगळं सांगितलं.

मग म्हणाले, "ताई, मी मासा बघितला नि गाडी नेली. इंजिन उघडून नाय बघितलं, पिस्टन नाय बघितला, मासा बघितला. माझी नात हाय त्या बसमधी."

"भाई, तो मी मारला नव्हता."

"ते कळलं मला. म्हणून तर तुम्हाला नाय, त्याला भेटतो."

दुसऱ्या दिवशी मुलांसाठी त्यांनी भाच्याची गाडी लावली, आणि ही बस टोचन करून आणून आमच्या कारखान्याच्या गेटात आडवी लावली. किल्ली खिशात. आत माल जाईना, बाहेर इंजिन येईना. शेठ धावत आले. "अहो मुकादम, पीयूसी आहे तुमच्याकडे!" इस्माईलभाईंनी तो कागद त्यांच्या शर्टाच्या खिशात कोंबला. "हा घे. ह्याच्यावर चालव तुझा कारखाना." आणि बसच्या पायरीवर बसून पेपर वाचत बसले. लोक जमले. शेठ पोलिसांना बोलावतो म्हणाले, तर भाई म्हणाले, "बोलव ना. त्यांच्यासमोरच उघडू इंजिन." पोलीस कोणी बोलावले नाहीत. शेठने इंजिन पुन्हा बांधून द्यायचं कबूल केलं, पण भाईंनी एक अट घातली. बांधताना घरतबाई पाहिजे.

मी गेले, पगारावर नाही, स्वतःच्या मर्जीने. हेड उचललं तेव्हा पिस्टनच्या काठावर काजळीचा असा थर होता की बोट रुतलं. तेलाला डिझेलचा वास. कंपनीकडून खरा संच येईपर्यंत इंजिन झाकून ठेवलं, आणि आला तेव्हा एकूण एक गोष्ट माझ्या हाताखालून गेली. वाटी तपासली. रॉड आणि टोप्या जोडीने लावल्या. नोझलवर कोरलेला कोड ज्या त्या सिलिंडरच्या नावाने कॉम्प्युटरमध्ये भरला, कारण तोही जोडीचाच असतो. ईजीआरची चकती काढून नाल्यात भिरकावली. प्रोग्रॅम मूळचा घातला. आमची जुनी पोरं मान खाली घालून काम करत होती, आणि खरं सांगते, चांगलं करत होती. त्यांना येत नव्हतं असं थोडंच होतं?

मग रस्त्यावरची चाचणी. जागेवर उभी करून नाही. मी सांगितलं, गाडीत खडीच्या गोणी भरा, सगळ्या खिडक्या उघडा आणि मागच्या सीटवर कुंदाला बसवा. मला कागद नको होता. कुंदाचं नाक हवं होतं. त्या नाकाने पहिल्या दिवशी जे ओळखलं, ते ह्यांच्या मशिनाने ओळखलं नव्हतं.

इस्माईलभाई स्वतः चालवायला बसले. ठाणे-बेलापूर रस्त्याला लागलो, पुलावर चढवली, पूर्ण दाबली. काय ओढ होती! मी मागच्या काचेला नाक लावून पाईपकडे बघत होते. धूर नाही. कुंदाकडे वळले.

"वास?"

"नाय."

"नीट बघ गो. थोडासुद्धा?"

"नाय ताय. कायच नाय."

मी पुढे ओरडून सांगितलं, "भाई, पास!" भाईंनी हॉर्न वाजवला. मला रडू आलं, हसूही आलं.

परत येताना पुढे एक टेम्पो होता, सुकटीचा. उघडा, उन्हात तापलेला, जवळा आणि बोंबील खच्चून भरलेले. वास असा आला की भाईंनी खांद्यावरचा रुमाल नाकाला लावला. मी पदर लावला. म्हटलं, "कुंदा, काच लाव गो, काय घाण सुटलीय बघ."

कुंदा खिडकीत तोंड वाऱ्यावर धरून निवांत बसली होती. माझ्याकडे वळून म्हणाली, "कसली?"

मी टेम्पोकडे बोट केलं. तिने तिकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मान खाली घातली.

"कधीपासून?"

"पावसाल्यातच गेला. आधी कमी कमी झाला, मग गेला. तू आदीच चिडतेस, म्हनून बोल्ले नाय." मग काच लावत म्हणाली, "ते बोंबील मना कललेच नाय, ताय."

गेटात इस्माईलभाईंनी इंजिनाचं झाकण उघडलं आणि म्हणाले, "मारा ताई, खरा मासा मारा." मी पदराची गाठ सोडली, हातोडा मागितला आणि मारला. इंजिन खरंच ठीक होतं, त्या बिचाऱ्याचा काय दोष? जुन्या माशावर मी आधी छिन्नीने आडवी रेघ ओढली. शेठ काचेमागून बघत होते.

कारखाना अजून चालू आहे. शेठ मजेत आहेत. पंच काय, कुठलाही टर्नर घासून देतो, तेव्हा आजही कुठे मासा दिसला तर माझ्या भरवशावर इंजिन नेऊ नका. डॉक्टरांनी कुंदाला तपासलं, म्हणाले, नाक कशाने गेलं ते नक्की सांगता येणार नाही. तसं त्यांनी कागदावर लिहूनही दिलं. घ्या, आणखी एक कागद!

कुंदा अजून त्याच बसमध्ये जाते, मागच्या सीटवर. सुट्टीच्या दिवशी बाजारातून मासळी आणते. पण चुलीवर ठेवायच्या आधी परात घेऊन माझ्या दारात येते, माझ्या तोंडासमोर धरते आणि विचारते, "ताय, बग गो, ताजी हाय का?"

मी हुंगून सांगते.